दहाव्या माणसाची जागा

(महासाथीच्या काळात अमेरिकेतल्या ज्यू विद्यार्थ्यांना आणि तरुणांना मिळालेल्या आधाराविषयी, समाजकार्याच्या विद्यार्थ्यांपुढे दिलेलं व्याख्यान. संपादित.)

मित्रमैत्रिणींनो, ८ एप्रिल २०२० या तारखेपासून सुरुवात करते. त्या बुधवारी संध्याकाळी पेसाख सुरू झाला. मराठी बायबल वाचणाऱ्यांना हा सण वल्हांडण म्हणून ठाऊक आहे. इस्राएलबाहेरचे परंपरानिष्ठ ज्यू या सणाचे पहिले दोन दिवस जवळपास शब्बाथासारखेच, म्हणजे शुक्रवारच्या सूर्यास्तापासून शनिवारी रात्रीपर्यंतच्या साप्ताहिक विसाव्यासारखेच, कडक पाळतात. विजेचं बटण दाबायचं नाही, फोन उचलायचा नाही, संगणक उघडायचा नाही. त्या वर्षी हे दोन दिवस शुक्रवारी संध्याकाळी संपले आणि त्यांना लागूनच शब्बाथ आला. म्हणजे बुधवारच्या सूर्यास्तापासून शनिवारी चांदण्या दिसेपर्यंत सलग तीन दिवस बाहेरच्या जगाशी संपर्क नाही. एरवी याचा कुणाला त्रास होत नाही, कारण घर माणसांनी भरलेलं असतं. आजी-आजोबा, चुलत-मामे भावंडं, आयत्या वेळी बोलावलेला शेजारी, सगळे असतात. त्या वर्षी रिकाम्या वसतिगृहातल्या किंवा भाड्याच्या एका खोलीतल्या विशी-बाविशीच्या मुलाला हे तीन दिवस एकट्यानं काढायचे होते.

तुम्ही समुपदेशन शिकताय, त्यामुळे यातली भीती तुम्हाला वेगळी सांगायला नको. अमेरिकेच्या रोगनियंत्रण केंद्रानं जून २०२०च्या अखेरीस केलेल्या पाहणीत १८ ते २४ वयोगटातल्या साधारण चौघांपैकी एकानं, मागच्या ३० दिवसांत आत्महत्येचा गंभीरपणे विचार केल्याचं सांगितलं होतं. हा आकडा सगळ्या अमेरिकी तरुणांचा आहे. त्यात तीन दिवसांचा अबोला मिळवून बघा.

इथे धर्मशास्त्र मदतीला आलं. जीव वाचवण्यासाठी शब्बाथ मोडावाच लागतो, हा ज्यू धर्माचा जुना आणि पक्का नियम आहे. त्याला ‘पिकुआख नेफेश’ म्हणतात. न्यूयॉर्कच्या येशिवा विद्यापीठातले ज्येष्ठ रब्बाय, म्हणजे धर्मगुरू, हर्शेल शाख्टर यांनी त्या पेसाखच्या आधी निर्णय दिला, की मानसिक आजारामुळे ज्याच्या जिवाला धोका आहे त्याच्याशी सणाच्या दिवशीही फोनवरून किंवा संगणकावरून संपर्क ठेवता येईल. मला हा निर्णय फार मोलाचा वाटतो. मनाचा आजार हाही जिवावरचा आजार आहे, हे इतक्या स्पष्टपणे मान्य झालं. पण परवानगी मिळाली म्हणून फोन आपोआप वाजत नाही. तो कुणीतरी करावा लागतो आणि कुणाला करायचा हे आधी माहीत असावं लागतं. आजचं माझं सगळं बोलणं या ‘कुणीतरी’बद्दल आहे.

थोडं मागे जाऊ. ९ मार्चच्या रात्री आणि १० मार्चला पुरीम होता. पुरीम म्हणजे सोंगं घ्यायची, एस्तेर राणीची गोष्ट मोठ्यानं वाचायची, खलनायक हामानचं नाव आलं की खुळखुळे वाजवून ते बुडवून टाकायचं, एकमेकांकडे खाऊ पाठवायचा. त्याच १० मार्चला हार्वर्डनं विद्यार्थ्यांना १५ तारखेपर्यंत वसतिगृहं सोडायला सांगितली. दुसऱ्या दिवशी जागतिक आरोग्य संघटनेनं महासाथ जाहीर केली आणि विद्यापीठांमागून विद्यापीठं बंद झाली. सणाचा दंगा झाल्यावर मुलांनी पाच दिवसांत खोल्या रिकाम्या केल्या. कुणी आईबापांकडे गेलं. ज्यांच्या घरी म्हातारी माणसं होती ते जायला घाबरले. काहींना जायला घरच नव्हतं. आणि काहींच्या घरात ज्यूपण असं काही नव्हतंच. जे होतं ते विद्यापीठात आल्यावर, शुक्रवारच्या जेवणाच्या टेबलावर सापडलं होतं. या शेवटच्या मुलांचा विचार सर्वांत उशिरा झाला.

यात आणखी एक ओझं होतं, आणि ते फक्त याच मुलांच्या वाट्याला आलं. न्यूयॉर्क परिसरातल्या अगदी सुरुवातीच्या रुग्णांत न्यू रोशेल गावचं एक ज्यू कुटुंब होतं. त्यातला मुलगा येशिवा विद्यापीठात शिकत होता. ४ मार्चला विद्यापीठानं वॉशिंग्टन हाइट्सच्या आवारातले वर्ग थांबवले. १० मार्चला न्यू रोशेलमध्ये एका सिनेगॉगच्या, म्हणजे ज्यू प्रार्थनाघराच्या, भोवती एक मैल त्रिज्येचं नियंत्रण क्षेत्र जाहीर झालं. रोग कुणालाही कुठेही झाला असता. पण समाजमाध्यमांवर ज्यूंकडे बोट दाखवणारा मजकूर फिरायला वेळ लागला नाही. मुलांनी इतिहासात वाचलं होतं, की १४ फेब्रुवारी १३४९ रोजी स्ट्रासबुर्ग शहरात, प्लेग तिथे पोचलेलासुद्धा नसताना, विहिरींत विष कालवल्याच्या आरोपावरून शेकडो ज्यूंना जिवंत जाळलं गेलं. वाचलेलं आता अंगावर आल्यासारखं झालं. पुढच्या काही आठवड्यांत ज्यू विद्यार्थ्यांच्या ऑनलाइन प्रार्थना आणि वर्ग चालू असताना अनोळखी लोक घुसून पडद्यावर स्वस्तिक दाखवू लागले, शिव्या देऊ लागले. आपल्या दारावरचं स्वस्तिक वेगळं आणि हिटलरचं वेगळं, हे तुम्ही जाणताच. जमण्याची एकच जागा उरली होती आणि तिच्यातही हे लोक शिरले. मला याची आजही चीड येते.

आता आधाराच्या व्यवस्थेकडे येऊ. अमेरिकेत ज्यू विद्यार्थ्यांची सर्वांत मोठी संस्था म्हणजे हिल्लेल. १९२३ साली इलिनॉय विद्यापीठात ती सुरू झाली आणि आज शेकडो विद्यापीठांत आहे. टाळेबंदी लागताच हिल्लेलनं आणि इतरांनी सगळं पडद्यावर आणलं : व्याख्यानं, स्वयंपाकाचे वर्ग, योगासनं, नोकरीबद्दल मार्गदर्शन. हेतू चांगलाच होता. पण दिवसभर पडद्यावर तास करणारा विद्यार्थी संध्याकाळी पुन्हा त्याच पडद्यासमोर कशाला बसेल? पहिल्या काही आठवड्यांची गर्दी ओसरली. आणि इथेच मला या काळातली खरी शिकण्यासारखी गोष्ट दिसते.

ज्यू सामूहिक प्रार्थनेला किमान दहा प्रौढ माणसं लागतात. परंपरानिष्ठांत दहा पुरुष, इतरांत स्त्रियाही. या दहाजणांच्या जमावाला मिन्यान म्हणतात. नऊ विद्वान जमले तरी काही प्रार्थना म्हणता येत नाहीत, आणि दहावा म्हणून एखादा अडखळत वाचणारा पोरगा आला की म्हणता येतात. छोट्या गावांत सिनेगॉगबाहेर उभं राहून रस्त्यावरून जाणाऱ्याला ‘तुम्ही ज्यू का? आम्हाला एक माणूस कमी आहे’ असं विचारतात. आधार देण्याची याहून चांगली रीत मला माहीत नाही. इथे त्या पोरावर कुणी उपकार करत नाही. त्याच्यावाचून इतरांचं अडलेलं असतं. महासाथीत ज्या उपक्रमांनी मुलांना खरोखर धरून ठेवलं, त्यांनी मुलांवर काम सोपवलं होतं. ज्यांनी मुलांना फक्त प्रेक्षक केलं, त्यांच्या खिडक्या एकेक करून बंद होत गेल्या.

एक उदाहरण जवळून पाहू. पेसाखच्या पहिल्या रात्री सेदेर असतो. ताटात ठरलेले पदार्थ मांडून, मिसरच्या गुलामीतून सुटल्याची गोष्ट हगादा या पोथीतून वाचत जेवायचं. २०२०मध्ये अनेक विद्यापीठांतल्या हिल्लेलनं आणि खबाद या परंपरानिष्ठ पंथाच्या रब्बाय कुटुंबांनी सेदेरच्या पिशव्या भरून मुलांच्या दारात ठेवल्या. पिशवीत बिनखमिराची भाकरी म्हणजे मात्झा, पार्स्लीची जुडी, उकडलेलं अंडं, किसलेलं तिखट मूळ, सफरचंद आणि अक्रोडाची गोड चटणी, द्राक्षरस आणि हगादा. ज्यानं आयुष्यात कधी सेदेर चालवला नव्हता, त्याला तो आता स्वतः मांडायचा होता. एरवी हे काम वडील किंवा आजोबा करतात. हगाद्यातले चार प्रश्न घरातलं सर्वांत धाकटं मूल विचारतं. पहिले शब्दच आहेत ‘मा निश्ताना’, ही रात्र इतर रात्रींहून वेगळी का? मग एकट्यानं काय करायचं? याचं उत्तर तलमूद या ज्यू धर्मनियमांच्या प्राचीन ग्रंथात शतकानुशतकं लिहिलेलं आहे : कुणीच नसेल तर माणसानं स्वतःलाच विचारावं. शास्त्रकारांनी एकट्या माणसाचा विचार आधीच करून ठेवला होता. कित्येकांनी ती रात्र याच नियमावर काढली. जे पडदा वापरत होते, त्यांनी दूर असलेल्या घरच्यांना पडद्यावर बसवून स्वतः सेदेर चालवला, आणि आजोबांनी त्यांना उत्तरं दिली.

हाच विचार ‘वनटेबल’ या संस्थेत दिसतो. २०१४ साली सुरू झालेली ही संस्था विशी-तिशीतल्या तरुणांना शुक्रवारचं जेवण आपल्या घरी घालायला पैशाची मदत करते. पाहुणा म्हणून न बोलावता यजमान करते. महासाथीत घरात पाहुणे आणणं बंद झालं, तेव्हा एकट्यानं किंवा एकाच घरातल्यांनी मांडलेल्या शब्बाथच्या जेवणालाही तिनं आधार दिला. ‘मोईश हाउस’ २००६ साली कॅलिफोर्नियातल्या ओकलंडमध्ये सुरू झालं. काही तरुण एकत्र घर घेतात, संस्था भाड्याचा काही भाग उचलते आणि त्यांनी महिन्याला ठरावीक कार्यक्रम करायचे. नोकऱ्या जात असताना भाड्यातला तो वाटा किती जणांना उपयोगी पडला असेल, हे तुम्ही समजू शकता.

पैशाचं थोडक्यात. न्यूयॉर्कची हिब्रू फ्री लोन सोसायटी १८९२पासून बिनव्याजी कर्ज देते. अशा संस्थांनी मार्च २०२०मध्येच कोरोनासाठी वेगळी कर्जं सुरू केली. दानापेक्षा कर्ज घेताना तरुणाची मान ताठ राहते, हा माझा कामातला अनुभव आहे.

सगळं सुरळीत झालं असं मात्र नाही. सर्वांत कठीण प्रश्न कद्दिशचा होता. आई किंवा वडील गेल्यावर मूल अकरा महिने रोज कद्दिश ही प्रार्थना म्हणतं आणि त्यासाठी मिन्यान लागतोच. त्या वसंतात न्यूयॉर्कमध्ये माणसं पटापट जात होती आणि दहाजण एकत्र येणं बेकायदा होतं. मध्यममार्गी कॉन्झर्व्हेटिव्ह पंथाच्या धर्मनियम समितीनं या आणीबाणीपुरतं, स्थानिक रब्बायनं मान्य केलं तर, पडद्यावरचे दहाजण धरायला वाट करून दिली. ऑर्थोडॉक्स, म्हणजे परंपरानिष्ठ, रब्बाय म्हणाले, नाही. दहा शरीरं एका जागी हवीत. काही ठिकाणी शेजारी आपापल्या ओसरीत, गॅलरीत उभे राहून आवाजाच्या टप्प्यात मिन्यान करू लागले. इस्राएलमध्येही असाच वाद झाला. काही सेफर्दी (मूळ स्पेन आणि पूर्वेकडच्या देशांच्या परंपरेतल्या) रब्बायांनी एकट्या पडलेल्या वृद्धांसाठी सेदेरला झूम चालू ठेवायला परवानगी दिली, आणि प्रमुख रब्बायांनी ती फेटाळली. मला दोन्ही बाजूंचं दुःख कळतं. वडील गेलेल्या एकवीस वर्षांच्या मुलीला आजच्या आज कद्दिश म्हणायचं असतं, ते खरं. आणि जो रब्बाय म्हणतो ‘तुझ्या शेजारी उभी राहणारी माणसं हवीत’, तोही तिला दूर लोटत नसतो. त्या दोघांमध्ये बसून ऐकणारं कुणी असावं, हे आपलं काम आहे.

हे सगळं दूरदेशीचं वाटू नये, म्हणून दोन गोष्टी. आपल्या बेने इस्राएलांनी, म्हणजे महाराष्ट्रातल्या मराठी ज्यूंनी, सेदेर मराठीतूनही केला आहे. १८४६ साली मुंबईत हिब्रू मजकुराबरोबर मराठी भाषांतर असलेला हगादा छापला गेला आणि १८७४ साली पुण्यात निघालेल्या हगाद्याच्या चित्रांत भारतीय वेशातल्या बायका जमिनीवर बसून मात्झा करताना दिसतात. २०२०चा पेसाख आला तेव्हा मुंबई-ठाण्याची सिनेगॉगं आपल्या देशव्यापी टाळेबंदीत बंद होती. या समाजातले बरेच लोक आता इस्राएलमध्ये आहेत. इथे उरलेल्या तरुणांसाठी एक एक माणूस मोजायची वेळ नेहमीचीच आहे.

दुसरी गोष्ट हाफकिन यांची. ज्यू शास्त्रज्ञ वाल्देमार हाफकिन ओडेसामध्ये शिकत असताना ज्यू वस्तीवर हल्ले झाले, तेव्हा ते ज्यूंच्या स्वसंरक्षण दलात लढले आणि जखमी झाले. पुढे मुंबईत प्लेग पसरल्यावर त्यांनी लस तयार केली आणि १० जानेवारी १८९७ रोजी पहिली सुई स्वतःला टोचून घेतली. परळची संस्था त्यांच्याच नावानं आहे. आयुष्याच्या अखेरीस, १९३०मध्ये वारण्याच्या थोडं आधी, त्यांनी आपली संपत्ती पूर्व युरोपातल्या येशिवांमध्ये, म्हणजे ज्यू धर्मशिक्षणाच्या विद्यालयांत, शिकणाऱ्या ज्यू मुलांसाठी ठेवली. विशेष म्हणजे, धर्मशिक्षणाबरोबर विज्ञान आणि हातचा धंदाही त्यांना शिकवावा, अशी त्यांची इच्छा होती.

शेवटी राहून गेलेल्यांबद्दल. मे २०२०मध्ये पदवी घेतलेली मुलं कुणाच्याच यादीत नव्हती. विद्यापीठातल्या संस्थेच्या दृष्टीनं ती बाहेर पडली होती. शहरातल्या तरुणांच्या संस्थांना त्यांचा पत्ता नव्हता. नोकरी नव्हती, पदवीदान समारंभ झाला नव्हता. आपल्याकडचीही तशीच स्थिती होती. २२ मार्चपासून आंतरराष्ट्रीय विमानं बंद झाली, तेव्हा अमेरिकेत अडकलेल्या मराठी विद्यार्थ्यांत याच वर्षी शिक्षण संपलेले, व्हिसाची मुदत मोजत बसलेले बरेच होते.

म्हणून तुम्हाला एक विनंती. तुमच्यापैकी जे विद्यार्थ्यांच्या संस्थांत, महाराष्ट्र मंडळांत, वसतिगृहांत काम करतील, त्यांनी दोन याद्या आजच करून ठेवाव्यात. एक, ज्यांना फोन करायचा त्यांची. दुसरी, जे फोन करतील त्यांची. दुसरीत विद्यार्थ्यांचीच नावं जास्त असू द्या, आणि जो सर्वांत एकटा वाटतो त्याचं नाव दोन्हींत घाला. निकाल लागला म्हणून कुणाचं नाव खोडू नका. निदान वर्षभर तरी राहू द्या.