मांजराची वर्दी

आग विझवणारा एक हिरवा बंब डोळ्यांसमोर आणा. आपल्या गोष्टीत याचं मोठं काम आहे.

ब्रिटनमध्ये याला ग्रीन गॉडेस म्हणत. बेडफर्ड बनावटीचे असे बंब 1953 ते 1956 या काळात बांधले गेले, तेही अणुहल्ल्याच्या भीतीपोटी. शहरातल्या जलवाहिन्या फुटल्या, तर नदी-तलावातलं पाणी उपसून आगीपर्यंत पोचवायचं, एवढाच त्यामागचा हिशेब. पॉवर स्टिअरिंग नाही. सायरनच्या जागी घंटा. चालवताना ड्रायव्हरचे खांदे भरून यायचे.

14 नोव्हेंबर 1977. तीस टक्के पगारवाढ मागत ब्रिटनचे अग्निशमन जवान संपावर गेले. देशभराचा असा त्यांचा हा पहिलाच संप. ऐन थंडीत फायर स्टेशनच्या दारात शेकोट्या पेटवून संपकरी बसले. सरकारने सैनिक बोलावले आणि गोदामातले हिरवे बंब त्यांच्या हाती दिले. या पोरांना ना आगीचा सराव, ना गल्ल्यांची माहिती. रस्ता दाखवायला पुढे पोलिसांची गाडी लागायची. तरी ते प्रत्येक वर्दीला धावले, हे विसरून चालणार नाही.

जानेवारी 1978 मधली एक वर्दी ब्रिटनमध्ये आजही सांगितली जाते. दक्षिण लंडनमधल्या एका आजीबाईंचं मांजर झाडावर अडकलं होतं. सैनिक आले. मांजर सुखरूप खाली उतरवलं. आजीबाईंचा जीव भांड्यात पडला. एवढ्या लांबून आलेल्या मुलांना तसंच कसं पाठवायचं? त्यांनी सगळ्यांना घरात बोलावून चहा पाजला. मग निरोपानिरोपी झाली, हात हलले, बंब सुरू झाला...

आणि नेमकं तेच मांजर चाकाखाली आलं.

ऐकताना हसू फुटतंच. पण त्या सैनिकांना नावं ठेवायला मन धजत नाही. एवढं अवजड धूड गल्लीतून काढायचं, तर चाकांपाशी कुणीतरी खाली उभं राहून ड्रायव्हरला इशारे करायला हवेत. ही सवय रोजच्या कामातूनच अंगवळणी पडते, आणि ती ज्यांच्या अंगात भिनलेली होती, ते शेकोटीपाशी बसले होते.

16 जानेवारीला दहा टक्के वाढीवर संप मिटला. लाल बंब पुन्हा रस्त्यावर आले, हिरवे गोदामात परतले. 2002 साली ब्रिटनमध्ये पुन्हा संप झाला, तेव्हा सैनिकांसाठी हेच बंब बाहेर काढले गेले. घंटेसकट.