चांदण्या रात्रीचा नाच, पहाटेची धार

मंडळी, ऑस्ट्रेलियातलं खेडं म्हटलं की मेंढ्या, लाल धूळ आणि दुष्काळ एवढंच डोळ्यांपुढे येतं. आज आपण जाणार आहोत न्यू साउथ वेल्सच्या उत्तर किनाऱ्यावर, रिचमंड नदीच्या खोऱ्यात, गावच्या रात्रीच्या नाचाला. काळ दोन महायुद्धांच्या मधला. इथे पाऊस भरपूर, गवत हिरवंगार आणि धंदा दुधाचा. शेतकऱ्यांची नॉर्को ही सहकारी संस्था १८९५ मध्ये बायरन बे इथे उभी राहिली. सहकार म्हटल्यावर आपले कान टवकारतात, पण तिथली रीत वेगळी. शेतकरी दूध घालायचा नाही, साय घालायचा. घरच्या हाताने फिरवायच्या यंत्रात साय वेगळी करायची, उरलेलं दूध डुकरांना. सायीचे कॅन रस्त्याकडेच्या लाकडी ओट्यावर ठेवायचे, तिथून गाडी उचलून कारखान्यात न्यायची. पैसे स्निग्धांशावर आणि प्रतीवर. ओलं गोणपाट टाकायला विसरलं आणि कॅन उन्हात तापला की साय आंबली, प्रत उतरली, भाव पडला.

हे आधी सांगितलं, कारण गावातलं सगळं सामाजिक जीवन या गाईंच्या वेळापत्रकात बसवावं लागायचं. दिवसातून दोनदा धार. पहाटेची चुकवता येत नाही आणि संध्याकाळचीही नाही. म्हणून नाच रात्री आठनंतर सुरू व्हायचा आणि त्याची तारीख ठरायची पौर्णिमेच्या आसपास. रस्ते कच्चे, दिवे नाहीत, घोडागाडी हाकत सात-आठ मैल जायचं तर चांदणं हवं. शनिवारी नाच असेल तर मध्यरात्रीला थांबायचा, रविवार पाळायचा म्हणून. पहाटेपर्यंत रंगायचं असेल तर शुक्रवार बरा.

निरोप पोचायचा फोनवरून. एकाच तारेवर अनेक शेतं जोडलेली. प्रत्येक घराची घंटी वेगळी, एक लांब दोन आखूड अशी. घंटी वाजली की ज्याचा फोन तो उचलायचाच, बाकीचेही उचलायचे. गंमत अशी की जितके जास्त कान लागतील तितका आवाज क्षीण व्हायचा. मग बोलणारा ओरडायचा, आणि तेही सगळ्यांना ऐकू जायचं. जाहिरातीचा खर्च वाचला.

नाच व्हायचा हॉलमध्ये. कुठे त्याला ‘स्कूल ऑफ आर्ट्‌स’ म्हणत, कुठे तो पहिल्या महायुद्धातल्या मृतांच्या स्मरणार्थ बांधलेला. भिंतीवर नावांची पाटी असे. पन्नास लाखांहून कमी वस्तीच्या देशाने त्या युद्धात साठ हजारांच्या आसपास माणसं गमावली होती, त्यामुळे लहानशा गावातही ती पाटी भरलेली असायची.

खरी मेहनत जमिनीची. लाकडी फळ्यांवर आधी रॉकेलने जेमतेम ओलसर केलेला भुसा पसरून झाडून काढायचा, म्हणजे धूळ त्याला चिकटून जाते. भुसा फार भिजवला तर डाग पडतात आणि रात्रभर वास मारतो. मग मेणबत्त्या किसणीवर बारीक किसून टाकायच्या. कीस जाडा राहिला तर बुटांच्या तळव्याला गोळे चिकटतात, जास्त झाला तर नाचणारे घसरून पडतात. हे मेण लाकडात जिरवायचं कसं? पोरांना गोणपाटावर बसवून दोघांनी ओढत न्यायचं, हॉलभर फेऱ्या मारायच्या. पोरांना खेळ, जमिनीला चकाकी. आणि पावसाळी हवा असली तर एवढं करूनही पाय अडकायचे. त्यावर कोणाकडे इलाज नव्हता.

वीज नसेल तिथे आपल्याला ठाऊक असलेली गॅसबत्ती. तिचं मॅन्टल, म्हणजे ज्योतीवरची कापडी जाळी, एकदा जळून राखेचं झालं की नुसत्या धक्क्याने तुटतं, आणि उन्हाळ्यात पतंग येऊन आदळतात. म्हणून खोक्यात दोन-तीन जास्तीची ठेवायची. संगीत म्हणजे पियानो, सोबत फिडल किंवा अकॉर्डियन.

बायकांनी काय आणायचं ते जाहिरातीत लिहिलेलं असे: ‘बायकांनी थाळी’. म्हणजे भरलेली थाळी. सँडविचवर ओलं फडकं, नाहीतर कडा सुकून वर वळतात. सगळ्यात वेळखाऊ लॅमिंग्टन. त्याला आदल्या दिवशीचा स्पंज केक लागतो. ताजा घेतला तर बुडवताना विरघळून भुगा होतो. चौकोनी तुकडे, कोको, साखर, लोणी आणि गरम पाण्याचा पातळ लेप, मग सुक्या खोबऱ्याचा कीस. लेप थंड झाला की घट्ट होऊन केकचे कण ओढतो, म्हणून भांडं गरम पाण्यात ठेवायचं. चहा चार गॅलनच्या रॉकेलच्या डब्यात, अर्थात घासून घासून वास घालवलेल्या. चहापत्ती कापडी पुरचुंडीत बांधायची आणि वेळेत बाहेर काढायची, नाहीतर शेवटच्या माणसाच्या वाट्याला कडू काढा.

पुरुषांचं काय? दारूचे गुत्ते १९१६ पासून संध्याकाळी सहालाच बंद. मग बाटल्या गाडीत नाहीतर गवतात लपवलेल्या, आणि दर दोन नाचांमध्ये काहीजण ‘घोडा बघायला’ बाहेर. गुत्त्याच्या मुख्य बारमध्ये बायकांनी बसायची रीत नव्हती. तान्हं मूल घेऊन गावात आलेल्या बाईला दूध पाजायलाही आडोसा नाही, ही अडचण ओळखून १९२२ मध्ये स्थापन झालेल्या ‘कंट्री विमेन्स असोसिएशन’ने गावोगावी विसावा-खोल्या उघडल्या. पाळणा, संडास आणि गरम पाणी. मोठ्या घोषणांपेक्षा हे काम मला अधिक महत्त्वाचं वाटतं.

आणि ‘सगळं गाव’ म्हणताना जपून बोललेलं बरं. ही भूमी बंडजालुंग या आदिवासी लोकांची. न्यू साउथ वेल्समध्ये गोऱ्या पालकांनी तक्रार केली की आदिवासी मुलांना सरकारी शाळेतून काढता येत होतं. जे शाळेत नको होते, ते नाचात तरी कसे हवे असणार? नदीकाठच्या उसात राबणारे, फेरीवर कापड विकणारे पंजाबी शीखही होते. गोऱ्यांखेरीज इतरांना रोखणाऱ्या १९०१ च्या स्थलांतर कायद्यानंतर त्यांच्यासारख्या नव्या लोकांना येणं जवळजवळ बंद झालं, त्यामुळे बहुतेकांचं कुटुंब मायदेशीच राहिलं.

नाच संपताना राजाचं राष्ट्रगीत. सगळे उभे. मग स्टेजच्या मागे किंवा गाडीत झोपवलेली मुलं उचलायची, आपलंच उचललंय ना हे चांदण्यात पाहून घ्यायचं. घरी पोचून कोट काढायचा, जुनी विजार चढवायची आणि थेट गोठ्यात.

थाळ्यांच्या तळाला चिकटपट्टीवर आडनाव लिहिलेलं असे. तरी दोन-चार राहायच्याच. त्या हॉलच्या कपाटात, पुढच्या पौर्णिमेपर्यंत.