उसनी दिलेली वही

श्रोतेहो, नमस्कार.

१९७९ सालच्या सप्टेंबरमध्ये अमेरिकेत ‘रॅपर्स डिलाइट’ नावाची एक रेकॉर्ड बाजारात आली. तिची मूळ आवृत्ती चौदा मिनिटांहून अधिक लांब होती, आणि तरीही ती बिलबोर्ड या नियतकालिकाच्या लोकप्रिय गाण्यांच्या यादीत ३६व्या क्रमांकापर्यंत चढली. तालावर यमकबद्ध ओळी म्हणण्याचा रॅप नावाचा प्रकार न्यूयॉर्कबाहेर असंख्य लोकांनी पहिल्यांदा ऐकला तो याच रेकॉर्डमुळे. या गाण्यात बिग बँक हँक नावाचे गायक आपली ओळख करून देताना एक नाव अक्षर-अक्षर सुटे करून सांगतात, आणि ते नाव होते ‘कॅसानोव्हा फ्लाय’. हँक यांना त्या नावाने कोणीही ओळखत नव्हते. ते नाव कर्टिस ब्राऊन या न्यूयॉर्कच्या ब्राँक्स भागातल्या तरुणाचे होते. पुढे ग्रँडमास्टर कॅझ म्हणून नावाजलेल्या या एमसीच्या कारकिर्दीविषयी आज मी बोलणार आहे.

एमसी या शब्दाचा मूळ अर्थ सूत्रसंचालक, म्हणजे आत्ता मी करतो आहे त्याच्याशी दूरचे नाते सांगणारे काम. ११ ऑगस्ट १९७३ रोजी ब्राँक्समधील १५२०, सेजविक अव्हेन्यू या इमारतीत जमैकाहून आलेल्या कूल हर्क यांनी आपल्या बहिणीच्या समारंभात रेकॉर्ड वाजवल्या, आणि हिप हॉपचा, म्हणजे रॅप ज्यातून आले त्या संगीत-संस्कृतीचा, इतिहास सांगणारे बहुतेक जण तिथूनच सुरुवात करतात. एकाच रेकॉर्डच्या दोन प्रती दोन टर्नटेबलांवर ठेवून गाण्यातला केवळ तालवाद्यांचा तुकडा पुन्हा पुन्हा वाजवायचा, ही हर्क यांची युक्ती होती. तो ताल चालू असताना माइक हातात घेऊन नाचणाऱ्यांना चेतवणारा, अधूनमधून आल्यागेल्याचे नाव घेणारा माणूस म्हणजे एमसी. आरंभी त्याच्या वाट्याला दोन-चार ओळींपलीकडे काही येत नसे. त्या तुटक पुकाऱ्यांची लांब, यमकबद्ध, कथा सांगणारी कडवी ज्यांनी घडवली, त्यांत कॅझ यांचे स्थान फार वरचे आहे.

हर्क यांचे कार्यक्रम पाहूनच कॅझ यांना या छंदाने पछाडले. डिस्को विझ या मित्रासोबत त्यांनी डीजे म्हणून सुरुवात केली, आणि रेकॉर्ड वाजवता वाजवता स्वतःच कडवी म्हणण्याची दुहेरी कसरत ते करू लागले. १३ जुलै १९७७च्या रात्री हे दोघे भर रस्त्यातल्या दिव्याच्या खांबातून वीज घेऊन उद्यानात वाजवत असताना एकाएकी सगळे बंद पडले. आपल्याच यंत्रांनी वीज घालवली असे त्यांना क्षणभर वाटले, पण अंधारात बुडाले होते ते सारे न्यूयॉर्क. त्या रात्रीच्या लुटालुटीत आपणही एका दुकानातून मिक्सर, म्हणजे ध्वनी मिसळण्याचे यंत्र, उचलला, हे कॅझ यांनी पुढे मुलाखतींमधून उघडपणे सांगितले आहे. महागडी यंत्रे एका रात्रीत घरोघर पोहोचल्यामुळे ब्राँक्समध्ये नव्या डीजेंचे पीक आले, असेही ते सांगतात. त्यांच्या या कबुलीत मला एक विलक्षण प्रामाणिकपणा दिसतो, कारण दोनच वर्षांनी लुटले जाण्याची पाळी त्यांच्यावर येणार होती.

हँक यांचे खरे नाव हेन्री जॅक्सन. ते कॅझ यांच्या कार्यक्रमांची व्यवस्था पाहत आणि न्यू जर्सीतल्या एंगलवुड इथे पिझ्झाच्या दुकानात काम करत. काम करताना कॅझ यांच्या कॅसेटी लावून त्यांच्या आवाजात आवाज मिसळण्याची त्यांना सवय होती. शुगर हिल ही नवी रेकॉर्ड कंपनी काढणाऱ्या सिल्व्हिया रॉबिन्सन रॅप म्हणू शकणारी मुले शोधत होत्या, आणि त्यांच्या कानावर नेमका हा आवाज पडला. संधी मिळताच हँक कॅझ यांच्याकडे आले. कॅझ यांनी आपली कडव्यांची वही त्यांच्यापुढे टाकली आणि हवे ते घ्या म्हणून सांगितले. आपल्या माणसाचे भले झाले तर तो आपल्यालाही वर ओढील, एवढाच त्यामागे हिशोब होता. आपल्याला या गाण्याचे ना श्रेय मिळाले, ना पैसे, असे कॅझ पुढे आयुष्यभर सांगत आले आहेत.

हँक यांनी त्या ओळींतले नावसुद्धा बदलले नाही. आपल्याकडे अभंगाच्या अखेरीस ‘तुका म्हणे’ येते ती कवीची नाममुद्रा असते. दुसऱ्याने तो अभंग आपला म्हणून गावा आणि मुद्रा मात्र तशीच राहू द्यावी, तसा हा प्रकार झाला. फिर्याद मांडायला वेगळ्या साक्षीदाराची गरजच उरली नाही, फक्त ती ऐकून न्याय देणारे कोणी नव्हते. त्याच गाण्याला ‘शिक’ या गटाच्या संगीताचा आधार होता, आणि त्या गटाच्या नाइल रॉजर्स व बर्नार्ड एडवर्ड्स यांनी कायद्याचा धाक दाखवून गीतकार म्हणून आपली नावे लावून घेतली. ब्राँक्सच्या मुलापाशी वकील नव्हता.

कॅझ यांची खरी उंची मात्र कोल्ड क्रश ब्रदर्स या गटात दिसते. चार एमसी आणि चार्ली चेस व टोनी टोन हे दोन डीजे अशा या गटाने लोकप्रिय गाण्यांच्या चालींवर सामूहिक कडवी बसवली. ३ जुलै १९८१ रोजी न्यूयॉर्कच्या हार्लेम भागातल्या हार्लेम वर्ल्ड या क्लबमध्ये त्यांचा फँटॅस्टिक गटाशी सामना झाला. बक्षीस होते १००० डॉलरचे, निकाल प्रेक्षकांच्या हाती होता आणि कोल्ड क्रश हरले. गंमत अशी की या सामन्याची कॅसेट जेव्हा हातोहात फिरली, तेव्हा ती केवळ ऐकणाऱ्या अनेकांना कोल्ड क्रशच सरस वाटले. रंगमंचावरील रुबाब कॅसेटमध्ये उतरत नाही, शब्द उतरतात. रेडिओवर बोलणाऱ्याला ही गोष्ट आवडली तर नवल नाही. अशाच कॅसेटींवर वाढलेल्या पिढीत पुढे ‘रन-डीएमसी’ या गाजलेल्या रॅप गटाचे डीएमसीही होते. ‘वाइल्ड स्टाइल’ या १९८३च्या चित्रपटात बास्केटबॉलच्या मैदानावर या दोन गटांची जुगलबंदी पाहायला मिळते. गटाच्या मोजक्याच रेकॉर्ड निघाल्या आणि त्या निघाल्या तेव्हा काळ पुढे सरकला होता.

हँक २०१४ मध्ये निवर्तले. कॅझ मात्र पर्यटकांना बसमधून हार्लेम आणि ब्राँक्स दाखवत, त्या रस्त्यांचा इतिहास स्वतःच्या तोंडून सांगत राहिले. २०१५ मध्ये मॅकलमोर आणि रायन लुईस या हिप हॉप जोडीने ‘डाउनटाउन’ या गाण्यासाठी मेली मेल, कूल मो डी आणि कॅझ या तीन ज्येष्ठांना बोलावले. ते गाणे बिलबोर्डच्या यादीत १२व्या क्रमांकापर्यंत पोहोचले, आणि या वेळी गायकांच्या नावांत ग्रँडमास्टर कॅझ हे नाव छापलेले होते.