सातारा, आझमतारा, अजिंक्यतारा

नमस्कार श्रोतेहो. आज साताऱ्याच्या नावाविषयी.

सातारा हे नाव मूळ किल्ल्याचं. आधी किल्ला, मग शहर, एवढं ध्यानात असू द्या. जुने लोक सांगतात, किल्ल्याला १७ तट, १७ बुरूज, १७ दरवाजे. सतरा म्हणून सातारा. कुणी सात तारे मोजतं. वर गेलात तर दरवाजे काही सतरा भरत नाहीत. वर मात्र पायी जा हो! हल्ली डांबरी रस्त्यानं गाडी चढवायची, फोटो काढायचा, की झाला गड बघून. असो.

खरी मजा पुढं आहे. १६९९ च्या डिसेंबरात औरंगजेब बादशहा जातीनं पायथ्याशी येऊन बसला. वर किल्लेदार प्रयागजी प्रभू. महिने लोटले, गड हलेना. मग एप्रिल १७०० मध्ये मोगलांनी मंगळाई बुरुजाखाली दोन सुरुंग ठासले. पहिल्याला बत्ती दिली. दरड आत कोसळली, गडावरची कितीतरी माणसं गाडली गेली. त्यात खुद्द प्रयागजी! खाली मोगल फौज चढाईसाठी दाटीवाटीनं उभी. दुसरा सुरुंग उडाला... आणि कडा आत पडायचा तो बाहेर ढासळला. थेट त्यांच्याच अंगावर! हजार-दोन हजार माणूस जागच्या जागी गेलं म्हणतात. इकडे भवानीच्या देवळाजवळचा ढिगारा उपसला, तर प्रयागजी जिवंत! लोकांना वाटलं, देवीच पावली.

पण राजाराम महाराज मार्चमध्येच गेले होते, दाणागोटा सरत आला होता. त्याच महिन्यात गड द्यावा लागला. बोलणी शहजादा आझममार्फत झाली, म्हणून बादशहानं नाव ठेवलं आझमतारा. पुढं मराठ्यांनी गड परत घेतला आणि तो झाला अजिंक्यतारा. बघा, आझमतारा, अजिंक्यतारा. पुढचं बदललं, 'तारा' दोघांनीही ठेवला. एकदा पडलेल्या किल्ल्याला अजिंक्य म्हणायला छाती लागते. मला तरी हे नाव त्यासाठीच आवडतं.

१७०८ मध्ये शाहू महाराजांचा राज्याभिषेक इथंच झाला. पायथ्याशी पेठा वसल्या, शहराला शाहूनगर म्हणू लागले. लोकांच्या तोंडी मात्र सातारा तो साताराच. आज स्टँडवर उतरून रिक्षावाल्याला शाहूनगर सांगाल, तर तो तुम्हाला गोडोलीकडच्या वसाहतीत नेऊन सोडेल.