आधी तिथी बघा, मग दुर्बीण काढा! आक्षीचा किनारा आणि जवळचं धरण

नमस्कार मंडळी! सकाळचे सव्वासात वाजलेत, मी आक्षीच्या किनाऱ्यावर उभा आहे, मागे सुरूचं बन, समोर समुद्र, आणि आवाज थोडा हळू ठेवतोय कारण हे माझ्या डाव्या हाताला जे बारीक बारीक ठिपके पळताना दिसतायत ना ते सगळे पक्षी आहेत आणि आज सकाळभर मला ते हवेत.

आक्षी म्हणजे अलिबागच्या अगदी दक्षिणेला लागून असलेलं गाव. शिलालेखामुळे बऱ्याच जणांना नाव माहीत असेल, शके ९३४चा, म्हणजे इ. स. १०१२चा, मराठीतला सगळ्यात जुना म्हणून ज्याचं नाव घेतात तो इथलाच. पण पक्षी बघणाऱ्यांना आक्षी माहीत आहे ती खाडीच्या मुखामुळे. वाळू, चिखल, खडक असं तिन्ही थोड्या थोड्या अंतरावर आहे.

आता मुद्द्यावर येतो. मला सगळ्यात जास्त मेसेज कसले येतात माहितीये? दादा आम्ही आक्षीला गेलो होतो, काहीच दिसलं नाही. आणि त्यावर मी एकच प्रश्न विचारतो, तिथी कोणती होती? समोरच्याला वाटतं हा काय उपासाचं विचारतोय का, पण खरंच सांगतो, किनाऱ्यावरचं पक्षीनिरीक्षण कॅमेऱ्यावर नाही, पाण्यावर चालतं, पाणी कुठे आहे ते कळलं की पक्षी कुठे असतील ते आपोआप कळतं.

हे मला कुठल्या पुस्तकातून कळलेलं नाही. मी पहिल्यांदा इथे आलो तेव्हा मोठ्या हौसेने पहाटे साडेपाचला घरातून निघालो आणि पोचलो तर समुद्र इतका आत गेलेला की पक्षी म्हणजे पाव किलोमीटरवर नुसती काळी रेघ. दुसऱ्यांदा दुपारी आलो तर पाणी थेट सुरूच्या मुळापर्यंत, वाळूच नाही मग पक्षी बसणार कुठे. तिसऱ्या वेळी खाडीकडे तिसऱ्या म्हणजे शिंपल्या काढणाऱ्या एक आजी भेटल्या, टोपली भरून परत निघाल्या होत्या, मला दुर्बीण लावून उभं बघून म्हणाल्या, "काय बघतोस रं? तिथ कंची हाय ते बघून आलास का?" आणि मग त्यांनी जो हिशोब सांगितला तो आज तुम्हाला सांगतो, कोकणात कुणालाही विचारा, जुन्या माणसांना तोंडपाठ असतो.

तिथीचा आकडा घ्यायचा, त्याची पाऊणपट करायची, ती पूर्ण भरतीची वेळ. झालं! शुक्ल पक्ष असो की कृष्ण, प्रतिपदा एक धरून मोजायचं. चतुर्थी असेल तर चार त्रिक बारा, भागिले चार, तीन, म्हणजे तीनच्या सुमाराला भरती, पहाटे पण आणि दुपारी पण, आणि त्याच्यापासून साधारण सहा तासांनी पूर्ण ओहोटी. अष्टमीला भरती सहाला, ओहोटी बाराला. आज त्रयोदशी आहे, तेरा त्रिक एकोणचाळीस, भागिले चार, पावणेदहा.

हे जमतं कसं ते पण ऐका, मला फार आवडतं हे. तिथी म्हणजे सूर्य आणि चंद्र यांच्यातलं १२ अंशांचं अंतर. आकाशाचे ३६० अंश फिरायला २४ तास, मग १२ अंशांना किती? ४८ मिनिटं. म्हणजे दर तिथीला भरती साधारण ४८ मिनिटांनी पुढे सरकते, आणि आपल्या लोकांनी तोंडी हिशोबासाठी ती पाऊण तास धरली, ४५ मिनिटं. तीन तीन मिनिटं कमी पडतात, म्हणून पौर्णिमेला हिशोब सव्वाअकरा दाखवतो आणि खरी भरती बाराच्या आसपास येते. आजची सुद्धा पावणेदहाऐवजी दहाच्या पुढे जाईल बघा. तेव्हा आडाखा बांधायला तिथी, आणि निघायच्या आधी मोबाईलवर भरती-ओहोटीचं टेबल एकदा बघून घ्या, विशेषतः खडकावर किंवा खाडीच्या बाजूला उतरणार असाल तर, तिथे पाणी मागून येऊन वेढतं आणि कळत नाही.

(क्लिप: वाळूवर पळणारे छोटे पक्षी)

बघा आता. पाणी अर्ध्यावर आलंय. ओहोटीला हे सगळे लांब पसरून खात होते, भरतीचं पाणी त्यांना ढकलत ढकलत आपल्याकडे आणतंय, आपण एका जागी बसायचं, बस्स. आणि सकाळच का, तर आपला किनारा पश्चिमेकडे तोंड करून आहे, सकाळी ऊन आपल्या पाठीमागून येतं आणि पक्ष्यावर पडतं, संध्याकाळी उलटं, सगळे काळे दिसतात, सावलीचा खेळ. मग सकाळी ऊन पण हवं आणि चढती भरती पण हवी तर कोणत्या तिथी आल्या? द्वादशी, त्रयोदशी, फार तर चतुर्दशी. महिन्यातून दोनदा येतात, शुक्ल पक्षात आणि कृष्ण पक्षात. घरातल्या भिंतीवरच्या कॅलेंडरवर गोल करून ठेवा. शिवाय अमावास्या-पौर्णिमेचं उधाण जवळ आलेलं असतं त्यामुळे पाणी चांगलं वरपर्यंत चढतं. सप्तमी-अष्टमीला भांग असते, पाणी ना धड आत जात ना धड बाहेर येत, तेव्हा मी शक्यतो इथे येत नाही.

आता हे पळतायत ते बघा, लाटेच्या मागे पळत जातात, लाट आली की उलटे पळत येतात, परत लाटेच्या मागे, दमत कसे नाहीत असं वाटतं. हे सँडरलिंग. याच्या पायाला मागचं बोट नसतं, बाकीच्या तुतवार मंडळींना असतं. थेट आर्क्टिकच्या टुंड्रा प्रदेशात याची घरटी होतात आणि थंडी काढायला हा आक्षीच्या वाळूत येतो. आणि हे पळतात-थांबतात-टोचतात, पळतात-थांबतात-टोचतात, हे चिखल्या, म्हणजे प्लोव्हर. मोठे डोळे, आखूड चोच, म्हणजे डोळ्याने बघून खाणारे. यातला एक जो आपण इतकी वर्षं लेसर सँड प्लोव्हर म्हणत होतो त्याचे अलीकडच्या वर्षांत दोन वेगळे पक्षी केले, सायबेरियन आणि टिबेटन, आणि आपल्याकडे येतो तो टिबेटन. तेव्हा जुन्या फील्ड गाइडमध्ये नाव सापडलं नाही तर गोंधळू नका.

तो लांब उभा आहे, चोच खाली वळलेली, चांगली लांबलचक, तो कर्ल्यू. बाकीचे वरवर टोचतायत, हा खोल बिळातला खेकडा आणि किडा ओढतो. एकाच वाळूत पाच जाती शेजारी शेजारी जेवतात आणि भांडण होत नाही कारण प्रत्येकाची चोच वेगळ्या खोलीपर्यंत पोचते, नवीन माणसाला मी आधी हेच सांगतो की नाव सोड, चोच बघ आणि चाल बघ. आणि ओहो, हे बघा, थांबा थांबा, फोकस होऊ दे... काळा-पांढरा, लालभडक चोच, ऑयस्टरकॅचर! मराठीत कालवफोड्या, नावातच सगळं आलं. आक्षीचं नाव निघालं की पक्षीवाले लोक आधी याचंच विचारतात, या वेळी आला का, किती आहेत.

कुरव बसलेत तिकडे, सीगल हो. सगळे सारखे दिसतात अशी तक्रार असते. दोन छोटे आहेत, तपकिरी डोक्याचा आणि काळ्या डोक्याचा, पण थंडीत दोघांचंही डोकं पांढरंच असतं, कानामागे फक्त एक डाग, त्यामुळे नावाच्या नादी लागू नका. उडू द्या. पंखाचं टोक काळं आणि त्यात पांढरे ठिपके दिसले तर तपकिरी डोक्याचा. पंखाच्या पुढच्या कडेला पांढरा पट्टा चमकला तर काळ्या डोक्याचा. यातला तपकिरी डोक्याचा लडाखच्या, तिबेटच्या तलावांवर अंडी घालतो, म्हणजे उन्हाळ्यात लडाखला फिरायला गेलात तर तिथे हाच भेटू शकतो, तेव्हा डोकं खरंच तपकिरी असेल.

(क्लिप: थवा एका पायावर उभा)

नऊ वाजून गेले. पाणी बघा कुठे आलं. आता खाणं संपलं, उरलेल्या चिंचोळ्या वाळूवर सगळे दाटीवाटीने, एका पायावर, चोच पाठीत खुपसून झोपलेत. फोटोला हीच सगळ्यात भारी वेळ आहे आणि सगळ्यात जास्त त्रासही याच वेळी दिला जातो, हे मला मनापासून बोलायचंय. या किनारपट्टीवर सुट्टीच्या दिवशी वाळूवरून गाड्या पळवतात, चारचाकी बाइक, जीप. काही जण मुलांना सांगतात पळ पळ, उडव, म्हणजे रीलमध्ये थवा येईल. मी समोर बघितलंय, एका सकाळी तासाभरात तोच थवा नऊ वेळा उडाला. अहो हे झोपलेत म्हणजे नुसता आराम करत नाहीयेत, साठवलेली चरबी वाचवतायत, मार्च-एप्रिलमध्ये याच चरबीवर हिमालय ओलांडायचाय, पार सायबेरियापर्यंत जायचंय, आणि आपण पंधरा सेकंदांच्या व्हिडिओसाठी ती जाळायला लावतो. थव्यातले दोन-चार पक्षी माना वर काढून बघायला लागले ना, तिथेच थांबायचं. त्यांनी तुम्हाला सांगितलंय की बस, एवढंच. आणखी एक पाऊल टाकलं की उडणार. मी पण आता इथूनच मागे फिरतो.

मुंबई-ठाण्याच्या मंडळींसाठी पटकन, हाच हिशोब शिवडीला आणि ठाणे खाडीला लागतो. तिथे वाळूऐवजी चिखल आहे, चिखलावर शेवाळं, आणि छोटा रोहित म्हणजे लेसर फ्लेमिंगो ते चोचीने गाळून खातो, म्हणून तो तिथे हजारोंनी आणि इथे नाही. ठाणे खाडीचं फ्लेमिंगो अभयारण्य २०१५मध्ये जाहीर झालं आणि २०२२मध्ये तिला रामसरचा, म्हणजे आंतरराष्ट्रीय महत्त्वाच्या पाणथळ जागेचा, दर्जा मिळाला. ऐरोलीहून फ्लेमिंगो दाखवायला जाणाऱ्या बोटीच्या वेळा रोज का बदलतात ते आता तुमच्या लक्षात आलं असेल. आणि भरतीला खाडीतला चिखल बुडाला की हे फ्लेमिंगो नवी मुंबईतल्या तळ्यांवर येऊन बसतात, त्यामुळे तळं बुजवून चालेल, खाडी आहे की, असं कुणी म्हटलं तर त्यांना सांगा, खाडी दिवसातून दोनदा बुडते, तेव्हा त्यांनी उभं कुठे राहायचं?

(कट: दुपारचे चार, धरणाचा काठ)

हां, आता आपण आत आलोय, समुद्र मागे राहिला. अलिबाग तालुक्यात उमटे, तिनवीरा अशी छोटी धरणं आहेत, डोंगराच्या कुशीत, किनाऱ्यावरून गाडीने फार वेळ लागत नाही. लोक बीच करतात आणि परत जातात, धरणावर कुणी येत नाही. शांतता ऐका.

इथे तिथी चालत नाही. पण भरती-ओहोटी इथेही आहे, फक्त वर्षातून एकदाच. जून ते सप्टेंबर भरती, आणि ऑक्टोबरपासून पुढच्या पावसापर्यंत ओहोटी, हळूहळू, रोज बोटभर. दिवाळीत आलात तर धरण तुडुंब, काठावर थेट गवत, चिखल नाहीच, मग काठाने चालणारा पक्षी उतरणार कुठे? जानेवारी-फेब्रुवारीत पाणी मागे सरकतं, ओला काठ उघडा पडतो, त्यात किडे, शंख, गवताचं बी, आणि मग धोबी, तुतवार, शेकाट्या खाली उतरतात. उजनीला दर वर्षी बातमी येते ना की पाणी जास्त आहे म्हणून यंदा फ्लेमिंगो उशिरा, ते हेच. लांब पायांचा असला तरी त्याला उथळ पाणी लागतं.

समोर बघा, मधोमध बुडतोय वर येतोय, बदकाचं पिल्लू वाटेल पण नाही, ती टिबुकली. वाळलेल्या फांदीवर पंख पसरून बसलाय तो पाणकावळा, त्याची पिसं पाण्याने भिजतात म्हणून डुबकी सोपी जाते, पण मग असं वाळवत बसावं लागतं. आणि वर, एका जागी हवेत पंख मारतोय, काळा-पांढरा, कवड्या खंड्या, पडला! बघितलं का, सरळ दगडासारखा. पलीकडच्या कोपऱ्यात सावलीत अडई बदकं आहेत, शिट्टी ऐकू आली तर बघा.

यात माझा लाडका मात्र नदी सुरय. पिवळी चोच, काळी टोपी. हा स्थलांतर करून लांब जाणारा नाही, आपलाच आहे. पाणी खाली गेलं की मोठ्या धरणांमध्ये बेटं उघडी पडतात आणि मार्च ते मेमध्ये हा तिथे उघड्या रेतीवर नुसता खळगा करून अंडी घालतो. म्हणजे धरणातून पाणी एकदम सोडलं आणि बेट काठाला जोडलं गेलं तर कुत्री पोचतात, उलट पाणी चढलं तर अंडी बुडतात. म्हणून उन्हाळ्यात बोटीवाला म्हणाला चला बेटावर उतरवतो तर नको म्हणा, अंडी वाळूच्या रंगाची असतात, पायाखाली आली तरी कळत नाही.

सामान काय लागतं ते पण विचारता. आठ बाय बेचाळीसची दुर्बीण पुरते. वही आणि पेन. मोबाईलवर मर्लिन ॲप टाका ओळखायला, आणि यादी ई-बर्ड या पक्षीनोंदींच्या साइटवर भरा, संख्येसकट, नुसतं नाव नको. जानेवारीत आशियाई पाणपक्षी गणना असते, १९८७पासून चालू आहे, त्यात आपल्या तालुक्यातलं एखादं छोटं धरण निवडा, उजनीच्या काठच्या भिगवणला मोजायला खूप जण जातात, इथे मोजायला कुणी नसतं. आणि हे बघा, डॉ. सलीम अलींनी सुगरणीचा तो प्रसिद्ध अभ्यास केला तो इथल्या किहीमला, घराजवळच्या झाडावर, हातातली नोकरी गेलेली असताना, १९३०च्या आसपास. परदेशात गेले नव्हते त्यासाठी, रोज तेच झाड बघत बसले.

ऊन उतरलं आता. पुढची द्वादशी-त्रयोदशी तुमच्या कॅलेंडरवर कधी येते ते बघा, जाऊन या, आणि खाली कमेंट करताना तारखेबरोबर तिथी लिहा, किती वाजता पोचलात आणि पाणी कुठपर्यंत होतं तेही लिहा, मग मी सांगतो तुम्हाला जे दिसलं नाही ते त्या वेळी कुठे होतं.