फोड हातापायांवर, दुखणं तोंडात

(दृश्य: कोथरूड, जुलैचा पाऊस. पाळणाघराच्या दारात ठिबकणारे छोटे रेनकोट.)

निवेदन:
शाळा-पाळणाघरं सुरू होऊन महिना उलटतो, आणि बालरोगतज्ज्ञांकडे अशी मुलं येऊ लागतात. काल थोडा ताप होता. आज तळहात, तळपाय, गुडघे, कुल्ले यांवर लाल पुरळ, मधूनच पाणी भरलेले फोड. आजी म्हणतात गोवर, शेजारच्या काकू म्हणतात कांजिण्या. डॉक्टर मात्र आधी मुलाला 'आ' करायला लावतात.

टाळ्यावर, जिभेवर बारीक व्रण. हँड-फूट-माउथ नावाचा आजार! कॉक्सॅकी विषाणू आणि त्याच्या भाऊबंद एंटेरोव्हायरसांचा हा उद्योग. जनावरांच्या लाळ्या-खुरकुताशी याचा संबंध नाही. अँटिबायोटिक याला लागू पडत नाही. सात-दहा दिवसांत आपोआप ओसरतो.

(दृश्य: स्वयंपाकघर. वाटीत गार केलेला गुरगुट्या भात.)

घरातले सगळे फोड मोजत बसतात. मोजायची असते ती लघवी. तोंड आलेलं मूल पाण्याचा घोटही नको म्हणतं, आणि दवाखान्यात भरती व्हायची वेळ बहुतेकदा त्यामुळेच येते. म्हणून वजनाप्रमाणे डॉक्टरांनी सांगितलेलं पॅरासिटामॉल द्यायचं, अर्ध्या तासाने खायला. ॲस्पिरिन अजिबात नाही. मोसंबीचा रस प्रेमाने पुढे केला जातो, पण तो झोंबतो. गार दूध, शहाळं, मऊ भात, घोटाघोटाने पाणी चालतं. आणि हो, आईस्क्रीमसुद्धा. मस्तानीच्या या शहरात भर पावसात आईस्क्रीम द्यायला आज्या तयार होत नाहीत, ही गोष्ट वेगळी.

सहा-आठ तास लघवी नाही, मूल मलूल पडलंय, उलट्या थांबत नाहीत, झोपेत दचकून झटके येतात, किंवा ताप तीन दिवसांनंतरही आहे, तर लगेच डॉक्टरांकडे जायचं.

(दृश्य: बेसिनपाशी साबणाने हात धुणारी आई.)

लाळेतून, फोडांतल्या पाण्यातून आणि शीतून हा पसरतो. ताप गेला, फोड सुकले की पाळणाघर सुरू करता येतं. पण शीतून विषाणू त्यानंतरही काही आठवडे बाहेर पडत राहतो. तेव्हा डायपर बदलला की हात साबणाने धुवायचे. सॅनिटायझरवर इथे भिस्त ठेवता येत नाही.

काही मुलांची नखं महिन्या-दोन महिन्यांनी सुटून येतात. आई-बाबा घाबरतात, पण खालून नवं नख येतंच. एकदा झाला म्हणजे सुटलो, असंही नाही. हे विषाणू अनेक आहेत, पुढच्या पावसाळ्यात दुसरा गाठू शकतो.