उजाड बेटावरचा कोळी

श्रोतेहो, नमस्कार. आज सकाळी पुण्याची वेताळ टेकडी उतरताना आपल्या बुटांना जो मुरूम चिकटला असेल, तो सुमारे ६.६ कोटी वर्षांपूर्वी वाहिलेल्या लाव्हाचा झिजलेला अंश आहे. असा निखारा झालेल्या जमिनीवर पुन्हा गवत कसे उगवले असेल, हा प्रश्न निघाला की मी हटकून एका कोळ्याची गोष्ट सांगतो. घरच्यांना ती पाठ झाली आहे, आता आपली पाळी.

२७ ऑगस्ट १८८३ रोजी जावा आणि सुमात्रा यांच्यामधील क्राकाटोआ बेटाचा सुमारे दोन तृतीयांश भाग ज्वालामुखीच्या स्फोटात नाहीसा झाला. उरलेल्या तुकड्यावर तप्त राखेचे जाड थर साचले. नऊ महिन्यांनी, मे १८८४ मध्ये, एक शोधपथक तेथे उतरले आणि त्यातील एदमाँ कोतो यांनी जिवंत काही सापडते का, याचा कसून शोध घेतला. गवताची काडी नाही, मुंगी नाही. सापडला तो एक कोळी, एकच, डोळे बारीक करून पाहावा लागेल एवढा. आणि तो काय करीत होता? जाळे विणीत होता! माशी नाही, चिलट नाही, तरी जाळे चालूच. जावाचा किनारा सुमारे ४० किलोमीटर दूर, मग हा आला कसा? कोळ्याची पिल्ले रेशमी धागा सोडून वाऱ्यावर तरंगत जातात, तसाच तोही आला असणार. ही हकिगत वाचल्यापासून दिवाळीच्या साफसफाईत जळमटे काढताना माझा हात अडखळतो, आणि त्याबद्दल मी बोलणीही खातो.

१८८६ मध्ये डच वनस्पतिशास्त्रज्ञ ट्रॉइब यांना त्याच राखेवर नीलहरित शैवालाचा बुळबुळीत पापुद्रा आणि त्यावर रुजलेले नेचे दिसले. पुढे उंच गवत माजले आणि सुमारे पन्नास वर्षांत जंगल दाटले. आधी शैवाल, मग नेचे, मग गवत, आणि झाडी सर्वांत शेवटी. आपल्या टेकड्यांवर मात्र गवताला अडगळ समजून खड्डे खणले गेले आणि गिरिपुष्प हे परदेशी झाड लावले गेले, हे मला कधीच पटलेले नाही.

आपल्या टेकड्या ज्यातून घडल्या, तो दख्खनचा लाव्हाही एकदाच वाहून थांबला नाही. थरावर थर चढत गेले. घाटात किंवा विहिरीच्या कडेला दोन काळ्या थरांमध्ये जो तांबडा पट्टा दिसतो, तो बहुतेक ठिकाणी मधल्या विसाव्यात खडक झिजून झालेल्या मातीचा असतो. विदर्भात तर अशा दोन थरांमधील गाळात गोड्या पाण्यातील गोगलगायींचे जीवाश्म मिळाले आहेत, म्हणजे तेथे तळी भरली होती, गोगलगायी फिरत होत्या, आणि मग वरून पुढचा लाव्हा आला.